भाड्याने दिलेले घर कोणी सांभाळावे ?

घर बांधायला निघालेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. विटा कुठून घ्याव्यात, जिना कोणत्या बाजूला काढावा, हे शेजारीसुद्धा न विचारता सांगतात. घर भाड्याने द्यायचे म्हटले की दलाल येतो, अर्जनवीस येतो, 'माझ्या मेव्हण्याला पाहिजेच आहे' असे म्हणणारे सहकारी येतात. पण एकदा भाडेकरू राहायला आला, किल्ली त्याच्या हाती गेली, की मालक एकटा पडतो. त्यानंतरच्या कारभाराबद्दल त्याच्याशी कोणी बोलत नाही. या लेखात मी त्याच कारभाराबद्दल बोलणार आहे. भाड्याने दिलेले घर आपले आपण सांभाळावे, की त्यासाठी पगारी किंवा टक्केवारीवर कारभारी नेमावा ?

हा प्रश्न पूर्वी फक्त चाळीच्या मालकांचा होता. मुंबईत चाळीचा मालक मलबार हिलला राहायचा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडे मागायला त्याचा मेहताजी यायचा. भाडेकरूने मालकाचे तोंड वर्षानुवर्षे पाहिलेले नसे. आता तसे राहिलेले नाही. आई-वडिलांचे घर साताऱ्याला, मुलगा पुण्याला आणि मुलगी परदेशात, अशी कुटुंबे आपल्या ओळखीत किती आहेत ते तुम्हीच मोजून पाहा. घर विकवत नाही, बंद ठेवले तर वाळवी लागते, म्हणून ते भाड्याने जाते. असा मालक श्रीमंत नसतो. तो आपल्या घरापासून दूर असतो एवढेच. मीही त्यांतलाच एक आहे, म्हणून पुस्तकी बोलण्याऐवजी थोडे अनुभवाचे सांगतो.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. खाली दोन बिऱ्हाडे आणि वर दोन खोल्या. वडील होते तोवर वरच्या खोल्यांत ते राहायचे आणि खालची दोन्ही बिऱ्हाडे भाड्याने असत. वडिलांचा कारभार म्हणजे एक लांबट वही होती. तीत भाडे मिळाल्याची तारीख असे, तसेच 'मोरीची फरशी निखळली', 'उत्तरेकडचे कौल बदलले', 'खालच्या मुलीची परीक्षा, नळ दुरुस्ती पुढच्या आठवड्यात' अशाही नोंदी असत. मला तेव्हा ती वही हास्यास्पद वाटे. पुढे मी इतिहास शिकवू लागलो आणि जुन्या दप्तरांतल्या अशाच नोंदींवरून विद्यार्थ्यांना धडे देऊ लागलो, तेव्हा हसू थांबले.

कृष्णेला २००५ साली मोठा पूर आला. वडिलांनी त्या वेळी कोणाची वाट पाहिली नाही. पाणी आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आहे याकडे सांगलीकराचा कान असतोच. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आकडा चाळीसच्या पुढे सरकला तशी त्यांनी दोन्ही बिऱ्हाडे वर घेतली. धान्याचे डबे, शिलाई मशीन, एका बिऱ्हाडाची म्हातारी आणि दुसऱ्याची मांजर, सगळे वरच्या दोन खोल्यांत. आईने सहा दिवस अकरा माणसांचा स्वयंपाक केला. वहीत त्याबद्दल एकच ओळ आहे : 'पूर. सर्व वर.'

वडील २०१६ साली गेले. मी पुण्यात नोकरीला, अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. कारभारी नेमण्याचा विचार मनात आला, पण मी तो बाजूला सारला. दोन बिऱ्हाडांसाठी माणूस कशाला नेमायचा ? भाडे मोबाईलवरून थेट खात्यात येते, नळ गळला तर भाडेकरू फोन करतो, आपण प्लंबरला फोन करतो, झालं ! तीन वर्षे हा फोनवरचा कारभार उत्तम चालला. निदान मला तसे वाटत होते. वरच्या खोल्यांत वडिलांची पुस्तके आणि कपाटे होती. त्यांना कुलूप लावून किल्ली मी पुण्याला आणली होती.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कृष्णा पुन्हा चढली, आणि या वेळी ती २००५ पेक्षा वर गेली. पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या पुढे पाणी गेले. खालच्या भाडेकरूचा मला संध्याकाळी फोन आला, तो मी व्याख्यानात होतो म्हणून घेतला नाही. मी उलट फोन केला तोवर त्या भागातली वीज गेलेली आणि त्याचा मोबाईल बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शेजाऱ्याच्या फोनवरून तो बोलला. खाली पाणी शिरल्यावर दोन्ही बिऱ्हाडे जिन्यावर चढली होती. वर कुलूप. ती सगळी माणसे, त्यांत एक चार वर्षांचे मूल आणि एक सत्तरीच्या बाई, रात्रभर आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून होती. मी म्हणालो, "अहो, कुलूप तोडायचं नाही का ?" तो म्हणाला, "सर, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं तोडणार ?"

सकाळी बोट आली आणि त्यांना घेऊन गेली. कोणाला काही झाले नाही. पण कुलूप न तोडण्याइतका तो मला मालक मानत होता आणि तेवढ्या मानाला साजेसे मी काहीच केलेले नव्हते, हे तेव्हा मला कळले. स्वतः कारभार पाहणे म्हणजे काय याची माझी कल्पनाच चुकलेली होती. भाडे खात्यात पडणे हा कारभार नव्हे. घराजवळ किल्ली घेऊन कोणीतरी असणे हा कारभार. वडील ते करीत होते, मी करीत नव्हतो. 'माझे घर मीच पाहतो' असे मी म्हणत होतो, पण प्रत्यक्षात ते कोणीच पाहत नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, या प्रश्नाचे उत्तर अंतरावर अवलंबून आहे. तुम्ही त्याच गावात असाल, तासाभरात घरी पोहोचू शकत असाल, तर कारभारी नेमण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. महिन्यातून एक चक्कर, वर्षातून एकदा पावसाळ्याआधी गच्ची आणि पन्हळी पाहणे, एवढे कोणालाही जमते. फक्त जाताना आधी कळवून जावे. मालकाला घर पाहण्याचा हक्क आहे, पण पूर्वसूचना देऊन आणि सोयीच्या वेळी, असे आपला कायदाच सांगतो. परगावी असाल तर मात्र कोणीतरी हवे. मग प्रश्न उरतो तो असा की, त्या माणसाच्या हाती नेमके काय द्यायचे ?

हिशेबाचे आधी सांगून टाकतो. आमच्या दोन बिऱ्हाडांचे त्या वेळी मिळून ९,००० रुपये भाडे येत होते, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. आमच्याच गल्लीतले एक निवृत्त कारकून दहा टक्क्यांवर काम पाहायला तयार झाले. वर्षाला १०,८०० रुपये. आमच्या घरात सगळ्यांना ते जड वाटले. पण पुरानंतर एक बिऱ्हाड सोडून गेले आणि त्या खोल्या तीन महिने रिकाम्या राहिल्या, कारण भिंती वाळल्या की नाही हे पुण्याहून दिसत नव्हते. तिथेच १३,५०० गेले. चारदा जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेल्या रजा वेगळ्या. आणखी एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर धरताना, भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते. तुम्ही कारभाऱ्याला दहा टक्के दिलेत किंवा छदामही दिला नाहीत, तरी वजावट तेवढीच. तेव्हा 'कर वाचेल' असे कोणी सांगितले तर त्यावर जाऊ नका. कारभाऱ्याचा खर्च तुमच्या खिशातूनच जाणार आणि त्याची भरपाई व्हायची ती घर रिकामे न राहण्यातून आणि वेळेवर झालेल्या दुरुस्तीतून.

आता इतिहासाच्या मास्तराला थोडी मोकळीक द्या. कारभाऱ्याबद्दल जगात दोन अगदी उलटे दाखले आहेत. आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात १८८० साली लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची जमीन होती. हा लॉर्ड राहायचा दुसऱ्याच परगण्यात. त्याच्या वतीने खंड वसूल करायला एक निवृत्त कॅप्टन होता. पीक बुडालेल्या वर्षी कुळांनी सूट मागितली, ती पुरेशी मिळाली नाही, आणि कॅप्टनने कुळांना काढायच्या नोटिसा आणल्या. तेव्हा सगळ्या गावाने त्याच्याशी व्यवहार थांबवला. मजूर कामाला येईनात, दुकानदार माल देईना. त्याचे पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक मजूर सैन्याच्या पहाऱ्यात आणावे लागले. कॅप्टनचे नाव चार्ल्स बॉयकॉट. लोकमान्यांच्या काळात आपल्याकडे घरोघर गेलेला तो शब्द एका भाडेवसुली कारभाऱ्याचे आडनाव आहे. यात मला लक्षणीय वाटते ते हे की, सूट किती द्यायची हे मालकाने ठरवले आणि भाषेत नाव राहिले ते कारभाऱ्याचे. सोय मोठी आहे खरी !

दुसरा दाखला लंडनचा. मॅरिलेबोन भागात १८६५ साली जॉन रस्किन याने तीन पडकी घरे विकत घेतली आणि ऑक्टेव्हिया हिल नावाच्या विशी-पंचविशीतल्या मुलीच्या हाती दिली. अट एवढीच की गुंतवणुकीवर पाच टक्के सुटले पाहिजेत. ती दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे घेई. भाड्याच्या बाबतीत ती कडक होती, थकबाकी चालू देत नसे. पण जाई तेव्हा जिना पाही, मोरी पाही, खिडकीची काच पाही. पाच टक्क्यांवर उरलेला पैसा त्याच घरांवर खर्च करी, आणि कशावर करायचा ते भाडेकरूंना विचारून. पुढे तिने या कामासाठी इतर स्त्रियांना तयार केले आणि घर सांभाळणे हा एक धंदा म्हणून उभा राहिला. तिचा दयाळूपणा थोडा शिस्तीच्या छडीसारखा होता, असे तिच्याबद्दल वाचताना मला वाटते. मी तिचा भाडेकरू झालो असतो की नाही, सांगता येत नाही. पण दर आठवड्याला दारात उभे राहणारे माणूस हा तिच्या पद्धतीचा प्राण होता. मालकाऐवजी दुसऱ्याने कारभार पाहिला म्हणजे तो वाईटच होतो असे नाही, हे तिने दाखवून दिले.

आमच्या कारभाऱ्यांनी हेच केले. त्यांनी भिंतींचा ओलावा हात लावून पाहिला, गवंडी आणला, खालच्या विजेच्या पेट्या छातीइतक्या उंचीवर घ्यायला लावल्या. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पंचावन्न फुटांच्या आसपास आली, तेव्हा आकडा चाळीसला पोहोचायच्या आत त्यांनी दोन्ही बिऱ्हाडे वर हलवली होती. वडिलांची पुस्तके त्यांनी माळ्यावर चढवली. मला फोन आला तो सगळे झाल्यावर : "काळजी नको. सगळे वर आहेत." वडिलांच्या वहीतले शब्द त्यांना माहीत असण्याचे काही कारण नव्हते. मी त्या दिवशी वर्गात नीट शिकवू शकलो नाही.

कायद्याचेही येथेच सांगतो, कारण कारभारी नेमला म्हणजे आपण सुटलो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा मार्च २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे घेतले की पावती दिलीच पाहिजे. घर दुरुस्त ठेवणे मालकाचे काम. त्याने हयगय केली तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो. भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. हे सगळे कारभाऱ्याकडून चुकले तरी विचारणा तुम्हालाच होणार. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडे कायदा ठेवला, त्यात मालमत्ता व्यवस्थापकाला वेगळे स्थान दिले आहे आणि त्याची कर्तव्येही सांगितली आहेत. पण तिथेही तो मालकाचा प्रतिनिधीच आहे. म्हणून कारभाऱ्याला सरसकट मुखत्यारपत्र लिहून देऊ नये. करारावर सही आपली, भाडे आपल्या खात्यात, अनामतही आपल्याच खात्यात. दुरुस्तीसाठी ठरावीक रकमेपर्यंत त्याला मोकळीक, त्यापुढे विचारून. एवढे कागदावर असावे.

आमचे एवढे सगळे कागदावर होते. एक गोष्ट मात्र नव्हती.

२०२२ च्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. माझा एक जुना विद्यार्थी भेटला, हुशार, आता बँकेत. चहा घेताना म्हणाला, "सर, सांगलीला गावभागात तुमचं घर आहे का ?" मी म्हणालो, "आहे की. का ?" तो हसला. म्हणाला, "मागच्या वर्षी माझी बदली सांगलीला झाली. घर बघायला गेलो होतो. पाटीवर तुमचं आडनाव होतं. पण तिथल्या गृहस्थांनी माझं आडनाव विचारलं आणि सांगितलं, मालकांना चालायचं नाही. मग मी म्हटलं, आडनावाचं कुणी दुसरं असेल. सर नसणार." एवढे बोलून त्याने विषय बदलला. मला लाज वाटू नये म्हणून तो हसत होता, हे मला कळत होते.

त्या आठवड्यात मी सांगलीला गेलो. कारभारी मुळीच गडबडले नाहीत. म्हणाले, "तुमच्यासाठीच केलं. मला त्यात काय मिळायचं होतं ? तुमच्या वडिलांच्या वेळेपासून या घराची पद्धत मी बघतोय." मी रागाने वर गेलो आणि वही काढली, त्यांना दाखवण्यासाठी. तीस वर्षांत आमच्याकडे किती बिऱ्हाडे राहून गेली त्यांची नावे मी मोजू लागलो. चौदा होती. चौदांची चौदा आडनावे वाचली आणि वही मिटून ठेवली. खाली आलो तेव्हा त्या गृहस्थांना दाखवण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी न सांगितलेला हुकूम त्यांनी पाळला होता, कारण घराने तो त्यांना सांगितला होता.

वडिलांनी पुरात अकरा माणसे वर घेतली, तीही याच वहीत आहेत आणि ही आडनावेही याच वहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी अजून त्यांची सांगड घालू शकलेलो नाही.

तेव्हापासून आमची व्यवस्था अशी आहे. नळ, विजेच्या पेट्या, पावसाळ्याआधीची कौले, घरपट्टी भरणे, किल्ल्या, हे सगळे कारभाऱ्यांकडे. त्यांना मी सोडले नाही. सोडावे असे दोन दिवस वाटले होते. पण ज्या माणसाने २०२१ साली माझी माणसे वर नेली, त्याला माझ्याच घराच्या दोषासाठी काढून टाकणे मला जमले नाही. भाडेकरू निवडण्याचे काम मात्र मी परत घेतले. घर रिकामे झाले की दारावरच्या पाटीवर माझा नंबर असतो. येणाऱ्याशी मी बोलतो, नोकरी कुठे, माणसे किती, एवढेच विचारतो. 'मालकांना चालत नाही' हे वाक्य माझ्या नावाने कोणी उच्चारायचे नाही, असे कारभाऱ्यांना एकदाच सांगितले. ते दोन महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. त्या विद्यार्थ्याला मी फोन केला होता. त्याने मिरज रस्त्याला घर घेतले होते, त्याला आता माझ्या घराची गरज नव्हती. "राहू द्या हो सर," म्हणाला.

तुम्ही कारभारी नेमणार असाल तर मुखत्यारपत्राआधी आणि टक्केवारीआधी त्याला हे विचारा : दारात आलेल्या माणसाला तुम्ही माझ्या वतीने काय सांगाल ? आणि त्याच्याशी बोलण्याआधी तेच स्वतःला विचारून ठेवा. मी ते विचारले नव्हते.

वरच्या खोल्यांच्या आता तीन किल्ल्या आहेत. एक माझ्याजवळ, एक कारभाऱ्यांकडे आणि एक खालच्या बिऱ्हाडात, जिन्याशेजारच्या खिळ्यावर. पुस्तके एका खोलीत रचली आहेत, दुसरी मोकळी ठेवली आहे. पावसाळ्यात पुलापाशी पाणी तीस फुटांवर आले की कारभारी मला फोन करून आकडा सांगतात. मी विचारतो, "वर कोण कोण गेलं ?" मग ते एकेक नाव घेऊन सांगतात.